गिअरच्या डबीचा संशय

मी एक जुनी डबी आहे. डबी म्हटलं की तुम्ही आधी झाकण उघडून बघणार, म्हणून सांगून ठेवते मित्रांनो, माझ्यात खाऊ नाही. माझं झाकण स्क्रूंनी घट्ट बंद केलेलं आहे आणि ते उघडायला येणाऱ्या कोणाकडेही मी आजवर चांगल्या नजरेने पाहिलेलं नाही.

काही गाड्यांत पायाने क्लच दाबून हाताने गिअर बदलावा लागत नाही. गाडी आपला गिअर आपणच बदलते. निदान चालवणाऱ्याला तसं वाटतं. खरं तर तो गिअर माझ्यासारखी एखादी डबी बदलत असते. गिअरबॉक्सच्या पोटात गोल प्लेटांचे गठ्ठे असतात. एक गठ्ठा सैल सोडायचा आणि दुसरा तेलाच्या दाबाने आवळायचा, की गिअर बदलला. किती दाब द्यायचा आणि कोणत्या क्षणी द्यायचा, ते मी ठरवते. जरा उशीर झाला तर गाडी घसरल्यासारखी होते. जरा घाई झाली तर आत बसलेल्या माणसांच्या मानांना हिसके बसतात.

हे काम भोळ्या जिवाचं नाही. इंजिन सांगतं, मी इतक्या वेगाने फिरतोय. चाकं सांगतात, आम्ही तितक्या वेगाने फिरतोय. मी दोघांचं ऐकून घेते, पण विश्वास कोणावरच ठेवत नाही. दोघांचं बोलणं एकमेकांशी जुळतं का, ते पाहते. जुळलं नाही, तर कोणीतरी खोटं बोलतंय. संशय घेणं हा माझा स्वभाव नाही, मित्रांनो, ती माझी नोकरी आहे.

आणि ही सवय मला जन्मापासूनच लागली. तैवान बेटाच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यात मी तयार झाले. तिथे कोणी माझ्यावर विश्वास ठेवला असेल तर शपथ. भट्टीत तापवलं, बर्फासारख्या थंडीत गारठवलं, पाळण्यात घालून गदागदा हलवलं आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारला, ‘अजून शुद्धीवर आहेस ना?’ अशा घरात वाढलेलं पोर भोळं कसं निघणार?

पुढे मला एका पांढऱ्या सात आसनी गाडीत, डाव्या बाजूच्या समोरच्या खणामागे बसवलं... नाही, उजव्या. माझ्या मुलखात गाडी डाव्या हाताला बसून चालवतात, म्हणजे चालवणाऱ्याच्या शेजारी जो बसेल त्याचे गुडघे माझ्या झाकणाला लागणार. हे लक्षात ठेवा म्हणत नाही, फक्त मला सगळं ऐकू कसं यायचं ते कळावं म्हणून सांगितलं.

ती गाडी पूली नावाच्या डोंगरातल्या गावच्या एका देवळाच्या मंडळाने घेतली होती. वरच्या वाड्यांमध्ये मूत्रपिंडं थकलेली म्हातारी माणसं राहत. त्यांचं रक्त आठवड्यातून अनेकदा यंत्रावर धुऊन घ्यावं लागे आणि ते यंत्र पूलीच्या इस्पितळात. घाट लांब, धुकं दाट, बस क्वचित. म्हणून ही गाडी. आणि ती चालवायला पान मेइ-यिन.

मेइ-यिन पन्नाशीची, काटक, केस कानापर्यंत कापलेली बाई होती. गाडीत बसली की आधी आरशाला टांगलेला देवळाचा लाल ताईत सरळ करायची, मग मागे वळून म्हणायची, “पट्टे लावा. ज्याचा पट्टा नाही, त्याला उतरवून ठेवीन.” तिचा पाय हलका होता. चढावर ती गाडीला पळवत नसे आणि उतारावर ब्रेकला लोंबकळत नसे. तिच्या पायाखाली काम करताना मलाही एक शिस्त लागली. वर्षं गेली तशा प्लेटा झिजत गेल्या. झिजलेल्या प्लेटेला जरा जास्त तेल लागतं, जरा आधी दाब द्यावा लागतो. प्रत्येक प्लेट किती झिजली, तिला किती सांभाळून घ्यायचं, ते मी रोज थोडं थोडं शिकत गेले आणि लक्षात ठेवत गेले. त्यामुळे मागे बसलेल्या पवान आजोबांना सबंध घाटात गाढ झोप लागायची. जाग आली की ते म्हणायचे, “मेइ-यिन, तुझी गाडी म्हणजे माझ्या आईची पाठ आहे.”

ते माझं कौतुक होतं. ते गाडीला मिळालं.

मंडळाने मात्र तेल बदलायला टाळाटाळ केली. देवळाच्या छताला नवे ड्रॅगन लागले, पण गिअरबॉक्सचं तेल काळं पडलं तरी तेच राहिलं. शेवटी प्लेटा इतक्या पातळ झाल्या की मी कितीही सांभाळलं तरी चढावर गाडी घसरायला लागली. तेव्हा मंडळाच्या लोकांनी ठरवलं की गाडी वर वूशे गावात आ-शुईच्या गॅरेजात टाकायची.

मेइ-यिनने ऐकलं आणि तिचा हात स्टिअरिंगवर घट्ट झाला. “दुसरं कोणी नाही का?” तिने फोनवर विचारलं.

दुसरं कोणी नव्हतं. गिअरबॉक्स उघडणारा माणूस त्या डोंगरात तो एकच होता.

आता हा आ-शुई कोण, ते सांगायला हवं. तो मेइ-यिनचा धाकटा दीर. तिचा नवरा आ-फू वरच्या शेतांतला कोबी ट्रकने खाली आणायचा. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुपारी तो ट्रक भावाच्या गॅरेजातून निघाला आणि घाटात निळ्या पुलाजवळच्या वळणावर ब्रेक न लागल्यामुळे दरीत गेला. खाली पोचेपर्यंत पेटून आ-फूसकट त्याचा कोळसा झाला. हे मला मेइ-यिनने सांगितलेलं नाही. ती गाडीत नसताना मागच्या बाकावरची म्हातारी माणसं कुजबुजायची, त्यातून जोडलेलं आहे. कोणी म्हणे, आ-शुईने ब्रेक नीट बसवलाच नव्हता. कोणी म्हणे, त्याने जुना भाग घातला होता. आ-शुई स्वतः काहीच म्हणत नसे, आणि गप्प माणसाबद्दल लोक काय बोलतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मेइ-यिन त्याच्याशी भांडली नाही. ती एवढंच करायची की त्याला नावाने हाक मारायची नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ज्याला ती ‘अरे आ-शुई’ म्हणायची, त्याला आता ‘शिफू’ म्हणायची. शिफू म्हणजे उस्ताद, कोणत्याही परक्या कारागिराला म्हणतात तसं. आणि त्या निळ्या पुलाजवळ आली की समोर कोणी असो नसो, दोनदा हॉर्न वाजवायची.

गाडी गॅरेजात गेली. आ-शुई रुंद खांद्यांचा, तोंडात कायम सुपारी असलेला माणूस होता. त्याने गिअरबॉक्स खाली उतरवला, सगळ्या प्लेटा नव्या घातल्या, तेल नवं भरलं. मी खणामागे बसून त्याच्या प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवून होते. मेइ-यिनच्या गाडीत राहून मेइ-यिनचा संशय मला लागला नसता तरच नवल.

ती गाडी न्यायला आली तेव्हा तो चिंधीला हात पुसत म्हणाला, “वहिनी, एक काम राहिलंय. तासभर बसा. चहा टाकतो.”

“कसलं काम?”

“गिअरच्या डबीला जुन्या प्लेटांची सवय आहे. ती सवय पुसून टाकायची आणि मग गाडी हळूहळू चालवून तिला नव्या प्लेटा शिकवायच्या. तुम्ही शेजारी बसलात तरी चालेल.”

मेइ-यिनने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या शेजारी बसून त्या रस्त्याने जाण्याची कल्पना तिला सोसली नसावी. “गाडी चालू होते ना?”

“होते, पण—”

“मग झालं, शिफू. डबीला सकाळी पवान आजोबांना न्यायचंय.” भिंतीवरच्या खिळ्याला किल्ली लटकत होती, ती तिने काढून घेतली आणि निघाली.

मी तुमच्यापासून काय लपवू? मलाही बरं वाटलं. पुसून टाकायचं म्हणजे काय? इतकी वर्षं एकेक कण जमवलेलं शहाणपण हा सुपारी खाणारा माणूस एका बटणाने पुसणार?

पण गाडी रस्त्याला लागली आणि माझा हिशोब चुकायला लागला. मी दुसरा गिअर टाकायला नेहमीसारखा भरपूर दाब दिला, तर गाडीने लाथ मारल्यासारखा धक्का दिला. तिसरा टाकला, पुन्हा धक्का. माझा दाब होता पातळ, थकलेल्या प्लेटांच्या मापाचा. या नव्या प्लेटा जाड, ताज्या. त्या लगेच पकडायच्या. मला काही जुळेना. मला वाटलं इंजिन खोटं बोलतंय, मग वाटलं चाकं खोटं बोलतायत. आणि मेइ-यिनला वाटलं की आ-शुईने कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचा माल आत घातलाय. त्या संध्याकाळी गाडीतल्या प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय होता आणि प्रत्येकाकडे पुरावा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पवान आजोबांना घेऊन खाली निघालो. आजोबा त्या दिवशी सुजलेले होते, घोटे भरलेले, श्वास जड. धक्क्यांनी त्यांना झोप लागेना.

“आईच्या पाठीला काय झालं गं?” त्यांनी विचारलं.

“दुरुस्त झाली,” मेइ-यिन म्हणाली.

उतार सुरू झाला. माझ्या हिशोबात काहीच बसत नव्हतं आणि माझा संशय वाढत वाढत शेवटी इतका झाला की मी ते केलं जे माझ्यासारखीला अशा वेळी करायला शिकवलेलं असतं. मी गिअर बदलणंच बंद केलं. तिसऱ्या गिअरमध्ये जाऊन बसले. गिअरबॉक्स वाचावा म्हणून आमच्यात अशी पद्धत असते. पण लांब उतारावर खालचा गिअर नसला की गाडीला इंजिनचा आवर राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. मेइ-यिनने लिव्हर खाली ओढला, पुन्हा ओढला. मी हलले नाही. थोड्या वेळाने आत ब्रेक जळल्याचा वास यायला लागला.

तो वास तिने ओळखला. तिने गाडी कडेच्या रुंद जागेत घेतली, थांबवली, हातब्रेक ओढला, आणि खाली उतरून चाकांसमोर दगड लावले. निळा पूल तिथून दिसत होता.

आजोबांना वाट बघणं परवडणारं नव्हतं. नशिबाने कोबीचा एक ट्रक आला. ट्रकवाल्याने आजोबांना उचलून पुढे शेजारी बसवलं. आजोबा खिडकीतून म्हणाले, “मला कोबीबरोबर बाजारात उतरवलंस तर बघ हो. माझी पानं पिवळी पडलीत, कोणी घेणार नाही.” मग मेइ-यिनकडे बघून हळूच म्हणाले, “तू इथे एकटी बसू नकोस. मी ट्रकवाल्याला आ-शुईला फोन लावायला सांगतो.”

“नको,” ती म्हणाली. पण ट्रक निघाला होता.

आ-शुई स्कूटरवरून आला. पुढच्या टोपलीत त्याचं तपासणीचं यंत्र होतं. तो काही बोलायच्या आतच मेइ-यिन म्हणाली, “नव्या प्लेटा म्हणालात, शिफू. कोणत्या भंगारातल्या?”

तो शांतपणे गाडीच्या मागे गेला, डिकी उघडली आणि कोपऱ्यातून गाठ मारलेली एक पिशवी काढली. “तुमच्या जुन्या प्लेटा. तुम्ही विचाराल हे मला माहीत होतं, म्हणून ठेवल्या होत्या.”

तिने पिशवी उघडली. आत काळ्या पडलेल्या, पापडासारख्या पातळ चकत्या होत्या. तिने एक उचलून उजेडात धरली. “या माझ्याच गाडीतल्या कशावरून?”

आ-शुईने रस्त्याच्या कडेला जाऊन सुपारी थुंकली. “त्यांवर तुमच्या गाडीचा नंबर नाही,” तो म्हणाला. “पण दुपारी आजोबांना परत आणायचंय. तुम्ही म्हणाल तर टो करून खाली शहरात पाठवतो. नाहीतर राहिलेलं काम करू. दोन्हीपैकी सांगा.”

मेइ-यिनने चकती पिशवीत परत टाकली. “चालवणार मी,” ती म्हणाली.

“तुम्हीच चालवा. तुमचाच पाय तिने शिकायला हवा.”

ब्रेक पुरते गार झाल्यावर मेइ-यिनने गाडी हळूहळू वर, वूशेच्या तलावाकाठी नेली; आ-शुई स्कूटरवरून मागे होता. तिथला रस्ता सपाट आहे आणि त्या वेळी रहदारी नसते. आ-शुई मेइ-यिनच्या शेजारी बसला, त्याचे गुडघे माझ्या झाकणाला टेकले, आणि त्याने यंत्राची वायर स्टिअरिंगखाली जोडली. मी त्याच्याकडे बघत होते. पळून जायला मला पाय असते तर मी गेले असते.

त्याने बटण दाबलं.

मित्रांनो, तुमच्यातला एखादा संशयखोर आता विचारेल, की पुसून टाकलं तर तुला ही गोष्ट कशी आठवते? शाबास, असंच विचारावं. पुसली गेली ती फक्त मापं: कोणत्या प्लेटेला किती दाब, किती क्षण आधी. माणसांचं बोलणं त्या कप्प्यात नसतं. ते कुठे असतं ते मला विचारू नका, कारखान्यात कोणी सांगितलं नाही. पण मापं गेली तेव्हा मला जे वाटलं ते सांगते. मी हात पुढे केला आणि धरायला काहीच नव्हतं.

“आता पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर मागे घ्या, थांबा, पुन्हा मध्ये आणा,” आ-शुई सांगत होता. “हं. आता पुढे. थांबा. आता निघा, अगदी हलक्या पायाने. एकेक गिअर तिला टाकू द्या. मग पाय काढा आणि गाडी आपोआप मंद होऊ द्या. ब्रेक अगदी शेवटी.”

पहिली फेरी वाईट गेली. मी कधी उशीर केला, कधी घाई केली.

“अजून धक्के बसतायत,” मेइ-यिन म्हणाली.

“शिकतेय ती. पुन्हा.”

दुसऱ्या फेरीत मला नव्या प्लेटांचा अंदाज यायला लागला. मी थोडा दाब दिला आणि थांबून पाहिलं. प्लेट खरं बोलली. पुढच्या वेळी आणखी कमी दिला. पुन्हा खरं बोलली. माझा लगेच विश्वास बसला असं समजू नका. पण मी पुन्हा विचारायला तयार झाले.

फेऱ्या चालू होत्या. तलावाचं पाणी खाली गेलं होतं आणि काठचा चिखल तडकलेला दिसत होता. मेइ-यिन रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, “काल हे नीट सांगितलं का नाहीत?”

“सांगत होतो. तासभर बसा म्हटलं. तुम्ही किल्ली घेतलीत.”

“तुमच्या गॅरेजात बसायला मला आवडत नाही.”

“ते माहीत आहे.” तो खिडकीबाहेर बघत होता. “तुम्ही दोघंही सारखीच. किल्ली खिळ्याला दिसली की—”

तो थांबला. मला त्याचं थांबणं पसंत पडलं नाही. जिथे बोलणं असं तुटतं, तिथे काहीतरी घसरलेलं असतं.

“दोघं म्हणजे?” मेइ-यिनने विचारलं.

“काही नाही. चौथा गिअर अजून अडखळतोय, परत एकदा घ्या.”

तिने गाडी मंद होऊ दिली, शिकवल्याप्रमाणे, ब्रेक न लावता. गाडी उभी राहिली. “आ-शुई,” ती म्हणाली, “दोघं म्हणजे कोण?”

इतक्या वर्षांनी स्वतःचं नाव तिच्या तोंडून ऐकून तो गडबडला असावा. मग तो बोलला, तेही समोरच्या काचेकडे बघून. “ब्रेकचा पाइप बदलला होता मी. तेल भरायचं होतं, आतली हवा काढायची होती. तेल संपलं म्हणून आणायला दुकानात गेलो. किल्ली खिळ्याला होती. परत आलो तर ट्रक नव्हता.”

“त्याला सांगितलं नव्हतंस?”

“सांगितलं होतं. बस म्हटलं, आलोच.”

“मग हे कोणाला बोलला का नाहीस? अख्खं गाव तुझ्या नावाने खडे फोडतं.”

“काय बोलू? गेलेल्या माणसाने घाई केली म्हणून? आई होती तेव्हा. तिला थोरल्याचं फार.”

“आई जाऊनही वर्षं झाली.”

त्याने यंत्राची वायर सरळ केली. मेइ-यिनने इंजिन बंद केलं नव्हतं. मी पहिला गिअर हलकेच धरून बसले होते.

“तो घाई करणारा माणूस नव्हता,” ती हळूहळू म्हणाली, जणू स्वतःलाच तपासत होती. “जेवण झाल्यावर दात कोरत तासभर बसणारा. तू बस म्हणालास तर तो बसला असता. त्याला कसली घाई होती?”

“मला काय माहीत, वहिनी.”

“त्या दिवशी आपल्याकडे भूमिदेवाचं जेवण होतं. पाहुणे ताटावर बसलेले.” तिचा आवाज बारीक झाला. “मी गॅरेजात फोन केला होता. सगळे उठून गेल्यावर येणार आहेस का, असं विचारलं त्याला. तूच उचललास फोन. ‘देतो दादाला’ म्हणालास.”

“असेल. मला आठवत नाही.”

“आ-शुई.”

“फोन दिवसभर येतात गॅरेजात. खरंच आठवत नाही मला.”

मित्रांनो, हा तो माणूस होता ज्याला घाटातल्या प्रत्येक ट्रकचा कोणता बोल्ट कधी बदलला ते पाठ होतं. माणसं खरं बोलतात की खोटं, हे मोजायला माझ्याकडे काही साधन नाही. पण त्याचा गुडघा माझ्या झाकणाला टेकलेला होता आणि ‘आठवत नाही’ म्हणताना त्याने तो झटकन मागे घेतला. त्याला आठवत होतं, असा माझा पक्का संशय आहे. इतकी वर्षं अख्ख्या गावाचं बोलणं त्याने अंगावर घेतलं, ते मेलेल्या भावासाठी नाही, वहिनीसाठी, असाही माझा संशय आहे.

मेइ-यिनलाही तो आला असणार. ती त्याच्याकडे वळून बघत राहिली. मला वाटलं, आता ती पुन्हा विचारेल. मी असते तर विचारलं असतं, जुळेपर्यंत विचारत राहिले असते. तिने बाहीने तोंड पुसलं. आरशाचा ताईत सरळ केला.

“अजून किती फेऱ्या?” ती म्हणाली.

“दोनेक,” तो म्हणाला. “मग झालं.”

दुपारी आम्ही पवान आजोबांना आणायला खाली निघालो. आ-शुईने स्कूटर तलावाशीच ठेवली. “उतारावर एकदा बघतो कशी वागते,” असं तो म्हणाला. ते खरं कारण होतं की नाही, मी खोदून पाहिलं नाही. उतार लागला. मेइ-यिनने लिव्हर खाली ओढला आणि मी दुसरा गिअर धरला, असा की गाडीतल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणीसुद्धा हिंदकळलं नाही. इंजिनने गाडी मागे ओढून धरली. तिने ब्रेकवरचा पाय सैल केला. निळा पूल आला. तिने दोनदा हॉर्न वाजवला. आ-शुईने मान खाली घातली आणि पूल मागे पडेपर्यंत वर केली नाही.

इस्पितळाच्या दारात आजोबा चाकाच्या खुर्चीत बसून तांदळाच्या शेवयांचं सूप पीत होते. सूज उतरली होती. आ-शुई त्यांना उचलून आत बसवायला लागला तसे ते त्याच्याकडे आणि मेइ-यिनकडे आळीपाळीने बघत म्हणाले, “काय रे, नक्की काय दुरुस्त केलंस?”

“डबी,” आ-शुई म्हणाला.

“पट्टा लावा, आजोबा,” मेइ-यिन म्हणाली.

वर जाताना आजोबा झोपले. तेवढं मला पुरलं.

त्यानंतर ती गाडी अजून पुष्कळ चालली. मंडळाने तेल वेळेवर बदलायला सुरुवात केली, कारण मेइ-यिन देवळात जाऊन बसायची आणि बदलल्याशिवाय उठायची नाही. पुढे पवान आजोबा गेले, दुसरी माणसं आली. मग गाडीचा सांगाडाच गंजला. ती भंगारात गेली तेव्हा आ-शुईने मला सोडवून घेतलं, पुसलं आणि गॅरेजातल्या फळीवर ठेवलं. इथे धूळ आहे, जुन्या तेलाचा वास आहे, शेजारी मुका झालेला एक रेडिओ आहे. कोणी माझ्याकडे बघत नाही. एखाद्या दिवशी मला दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसवतील. बसवाल तेव्हा, मित्रांनो, आधी माझी जुनी मापं पुसा, आणि मग मला नवं शिकायला थोडा वेळ द्या. नव्या प्लेटांना जुन्या मापाने तोलू नका. पहिले काही धक्के बसले म्हणून कोणाला चोर ठरवू नका.

मेइ-यिन नव्या गाडीचं काम असलं की येते. दारातल्या लाल प्लास्टिकच्या स्टुलावर बसते, आणि आ-शुई ‘झालं’ म्हणेपर्यंत उठत नाही. कधी चहा होतो, कधी मुळ्याच्या वड्या. दोघं पावसाबद्दल बोलतात, कोबीच्या किडीबद्दल बोलतात. त्या फोनबद्दल कधीच बोलत नाहीत. त्याला आठवतं हे तिला माहीत आहे, आणि तिला माहीत आहे हे त्याला माहीत आहे, असं मला फळीवरून वाटतं. मी जन्मभर संशय घेतला आणि प्रत्येक संशयाचा छडा लावला. हा एक मी तसाच ठेवला आहे. तुमच्या आयुष्यात तुमच्यासाठी कोणी असं खोटं बोललं, आणि तुम्हाला ते कळलं, तर तुम्हीही ते पकडू नका. चहा घ्या, आणि पावसाबद्दल बोला.